परत आलेल्या मुलांचा हिशेब

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय आहे. गगनबावडा तालुक्यातल्या दूध संस्था आणि विकास सेवा संस्थांची दप्तरे तपासणे, खतावण्या आणि येणे-देणे याद्या जुळवणे, सभासदांकडून शिल्लक कबूल करून घेणे, दोष काढणे आणि ते दुरुस्त झाले का हे पुढच्या वर्षी पाहणे, असे हे काम. बाहेरून ते कोरडे वाटते. पण खेड्यातला संसार संस्थेच्या खतावणीत जितका उघडा दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो. कुणी म्हैस विकली, कुणाच्या लग्नासाठी उचल झाली, कुणाच्या आजारपणात हप्ता चुकला, हे सगळे तिथे तारखेसह उतरलेले असते. अलीकडच्या काही वर्षांत मात्र एक मोठी गोष्ट या दप्तरांत नोंदवायची राहून जाते आहे. पुण्या-मुंबईला गेलेली मुले गावोगाव आईवडिलांच्या घरी परत राहायला आली आहेत. ती शेतात राबतात, संस्थेच्या दारात सकाळ-संध्याकाळ उभी असतात. पण सभासद यादीत, कर्जखात्यावर, दूध बिलावर त्यांचे नाव बहुधा नसते. मुलगा किंवा मुलगी घरी परत येणे हे अपयश की शहाणपण, यावर घराघरांत वाद चालतात. त्या वादातून फारसे काही हाती लागत नाही, असे माझे मत झाले आहे. परत येणे निभावते की त्यातून कडवटपणा उरतो, हे ठरते घरातला कष्ट आणि पैसा कुणाच्या नावाने लिहिला जातो त्यावरून.

कोल्हापूर जिल्ह्याच्या १२ तालुक्यांत गगनबावडा लोकसंख्येने सर्वांत लहान. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या ३५ हजारांच्या आसपास होती. पावसात मात्र तो जिल्ह्यात सर्वांच्या पुढे. वर्षाला ५००० मिलीमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस इथे नेहमीचा. कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि ५५ किलोमीटरवरचे कोल्हापूर तुटते. पश्चिमेला करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. दरड आली की तीही वाट बंद होते. डोंगरउताराला भात आणि नाचणी, पाणी पोचले तिथे ऊस, आणि घरटी दोन-चार जनावरे, हा इथला संसार. असळजचा साखर कारखाना सोडला तर शेकड्यांनी माणसे कामाला लागतील असे ठिकाण तालुक्यात नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहती रोज जाऊन-येऊन करण्यासारख्या अंतरावर नाहीत. त्यातच गव्यांचा कळप शिरला की उभे पीक एका रात्रीत जाते. म्हणून बारावी, आयटीआय किंवा पदवी झाली की पोरे बाहेर पडतात. ती परत येतात त्याची कारणेही ठरलेली आहेत. कंपनीतले कंत्राट संपते आणि पुन्हा घेतले जात नाही. कॉट बेसिसची खोली, मेस आणि बसचा पास वजा जाता हातात काही उरत नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात वय सरते. वडिलांचे गुडघे जातात, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन निघते आणि धारा काढायला घरात कुणी उरत नाही. या शेवटच्या कारणाकडे लोकांचे लक्ष कमी जाते. परतलेल्यांपैकी पुष्कळ जण नोकरी गेली म्हणून आलेले असतात, हे खरे; पण घराला माणूस हवा होता म्हणून आलेलेही तितक्याच सहज भेटतात.

हे परतणे नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक काही महिन्यांत शहर सोडून कोकणात आणि देशावर आपापल्या गावी गेले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांत कोकणाखालोखाल सातारा-कोल्हापूरकडची माणसे होती. त्यांतल्या अनेकांनी संपाचे दिवस गावी काढले, आणि गावाकडच्या तांदळावर मुंबईतल्या चुली पेटत राहिल्या. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तेव्हा पुन्हा तेच घडले. प्राथमिक शाळांच्या खोल्यांत १४ दिवस काढून पोरे आपापल्या घरात शिरली. या तिन्ही वेळी शहराने माणसाला कामाच्या दिवसांपुरते पोसले आणि काम नसलेल्या दिवसांचा खर्च गावातल्या घरावर टाकला. शहरातली मजुरी इतकी कमी ठेवता येते, यामागे मोडलेल्या माणसाला सांभाळणारे एक घर कुठेतरी डोंगरात आहे हा हिशेब असतो. त्या घराला या सेवेचे मोल कुणी दिले नाही, आणि घरानेही ते स्वतःच्या वहीत कधी लिहिले नाही. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ मला या न लिहिण्यात दिसते.

देशपातळीवरची आकडेवारी पाहिली तर हे चित्र एकट्या गगनबावड्याचे नाही, हे कळते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के काम करणारे लोक शेतीत होते. शेतीवरचे लोक कमी होत जाणार असे वर्षानुवर्षे धरून चाललेले असताना २०२०-२१ मध्ये हे प्रमाण ४६.५ टक्क्यांवर गेले. महामारी ओसरली, कारखाने पूर्ववत सुरू झाले, तरी २०२३-२४ मध्ये ते ४६.१ टक्के होते. म्हणजे जे आले त्यांतले पुष्कळ राहिले. याच सर्वेक्षणात आणखी एक रकाना आहे आणि माझ्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा आहे. घरच्याच शेतीत किंवा धंद्यात मदत करणारी, पण मजुरी न मिळणारी माणसे त्यात मोजली जातात. २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १३.६ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ते १९.४ टक्के झाले. दर पाच काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ एक जण विनामोबदला काम करतो आहे. यात स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे आणि वाढीतला बराच भाग त्यांचाच आहे. तरीही परतलेल्या तरुणाला सरकारी कागदावर कुठे शोधायचे म्हटले तर तो बहुतेक याच रकान्यात सापडेल. तो बेकार नाही, मजूर नाही, मालकही नाही. काम भरपूर करतो आणि उत्पन्न शून्य दाखवतो. गगनबावड्यातल्या दप्तरांत जे दिसते त्याला या आकड्यांनी दुजोरा मिळतो.

दूध संस्थेतली एक सकाळ पाहिली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पहाटे उठून जनावरांखालचे शेण काढायचे, वैरण टाकायची, धार काढायची, किटली मोटारसायकलला अडकवून संस्था गाठायची. काट्यावर दूध ओतले जाते, नमुना घेतला जातो, यंत्र फॅट आणि एसएनएफ दाखवते आणि पावती बाहेर येते. त्या पावतीवर सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, दर आणि रक्कम एवढे असते. किटली आणणारा पंचविशीतला असतो. पावतीवरचे नाव आजोबांचे, वडिलांचे, फार तर आईचे असते. दर दहा दिवसांनी बिल निघते, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात होते आणि उरलेली रक्कम त्याच नावाच्या खात्यावर जमा होते. दिवाळीच्या तोंडावर येणारा दूध दर फरकही त्याच खात्यावर जातो. आता या मुलाला मोबाइलचा रिचार्ज मारायचा असेल, मित्राच्या लग्नाला जायचे असेल, मुलाखतीसाठी पुण्याची गाडी पकडायची असेल, तर त्याला वडिलांपुढे हात पसरावा लागतो. महिनाभर राबून मिळवलेला पैसा त्याला मागून घ्यावा लागतो. वडिलांना वाटते, आपण त्याला देतो आहोत. मुलाला वाटते, माझेच मला मागावे लागते आहे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. ज्या एका कागदाने हा गैरसमज मिटला असता तो कागदच घरात नसतो.

शेतीकर्जाच्या बाजूला हेच चित्र अधिक घट्ट आहे. विकास सेवा संस्थेकडून मिळणारे पीककर्ज सातबारा आणि आठ-अ उताऱ्यावरच्या नावाला मिळते. ३ लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून शेतकऱ्याला व्याजाचा भार पडत नाही. एवढे स्वस्त भांडवल खेड्यात दुसरीकडे कुठे मिळत नाही. पण ते मिळते नावाला. कारखान्याकडची उसाची नोंद त्याच नावाने होते आणि उसाचे बिल त्याच खात्यावर येते. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळखपत्र आवश्यक झाले आहे, तेही जमिनीच्या नोंदीवरच आधारलेले आहे. म्हणजे प्रत्यक्षात रोप लावण, भांगलण, औषध फवारणी करणारा माणूस बँकेच्या, कारखान्याच्या आणि शासनाच्या लेखी शेतकरीच नसतो. त्याने ठिबक करायचे म्हटले, गोठा बांधायचा म्हटला, पिठाची गिरणी किंवा गॅरेज टाकायचे म्हटले, तर कर्ज वडिलांच्या नावाने आणि तारण वडिलांच्या जमिनीचे. धोकाही मग वडिलांच्याच माथी येतो. २०२४ च्या सुरुवातीपासून वर्षभराहून अधिक काळ करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बंद राहिला, तेव्हा त्या रस्त्याच्या वाहतुकीवर चालणाऱ्या चहा-नाश्त्याच्या टपऱ्या आणि छोट्या धंद्यांचे गिऱ्हाईक तुटले. अशा वेळी धंदा मुलाचा बसतो आणि थकबाकीदारांच्या यादीत नाव वडिलांचे लागते. नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे असले की फायदा आणि तोटा दोन्ही चुकीच्या माणसाच्या खाती जातात. वडिलांवर यात जेवढा अन्याय होतो तेवढाच मुलावरही होतो.

जगात इतरत्र काय चालले आहे, हे इथे थोडे पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने दाखवून दिले की, २०२० च्या जुलैत तिथले १८ ते २९ वयाचे ५२ टक्के तरुण आईवडिलांपैकी किमान एकाबरोबर राहत होते. मोठ्या मंदीनंतर, १९४० च्या जनगणनेत, हे प्रमाण ४८ टक्के होते. युरोपीय संघात २०२२ मध्ये घर सोडण्याचे सरासरी वय २६.४ होते, फिनलंडमध्ये २१.३ आणि क्रोएशियात ३३.४. हे आकडे आपल्याकडे वाचले जातात तेव्हा मुलांच्या आळसाचे किंवा पालकांच्या लाडाचे पुरावे म्हणून वाचले जातात. परंतु तिथला परतलेला तरुण मुख्यतः भाडे वाचवण्यासाठी येतो. घर त्याला निवारा देते, त्याचे काम घराबाहेर असते. गगनबावड्यातला तरुण परत येतो तो निवाऱ्यात आणि कामातही. त्याच्या येण्याने गोठ्यात एक जनावर वाढू शकते, पडीक ठेवलेला डोंगरउताराचा तुकडा पुन्हा नाचणीखाली येऊ शकतो, ऐन लावणीच्या दिवसांत पैरा फेडायला घरात एक जोडी हात वाढतात, दवाखान्याच्या फेऱ्यांना भाड्याची गाडी आणि सोबतीला पाहुणा शोधावा लागत नाही. त्यामुळे ‘पोरगं घरात बसलंय’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा वस्तुस्थितीला धरून नसते. ते बसलेले नसते. त्याच्या कामाची नोंद नसते, म्हणून ते बसल्यासारखे दिसते.

त्याचे काम त्याच्या नावाने लिहावे असे म्हटले की पहिला आणि वजनदार आक्षेप येतो तो जमिनीच्या वाटण्यांचा. मुलांची नावे कागदावर लावत गेलो तर तुकडे पडतील, भाऊबंदकी पेटेल आणि म्हातारपणी आईवडील रस्त्यावर येतील, असे म्हटले जाते. भीती खोटी नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. पण खाते देणे आणि जमीन वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोठ्यातल्या दोन म्हशींचे दूध मुलाच्या किंवा सुनेच्या सभासदत्वावर घालता येते. त्यासाठी सातबाऱ्याला हात लावावा लागत नाही. एखादा तुकडा ठरावीक वर्षांसाठी त्याने कसावा, खर्च त्याने करावा, उत्पन्नातला ठरलेला हिस्सा आईवडिलांना द्यावा, असे लेखी ठरवता येते. आणि जमिनीवर दुसरे नाव लागल्याने घरे मोडतात, हे तरी खरे का, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली, आणि १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. त्या नोंदींनी संसार मोडल्याचे कुणी दाखवलेले नाही. राहिला म्हातारपणाचा प्रश्न. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याच्या कलम २३ नुसार, काळजी घेण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून परत मिळवता येते. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले. मात्र त्यासाठी अशी अट होती हे दाखवता यावे लागते. आईवडिलांचे संरक्षण खरे तर लिहिण्यातच आहे. तोंडी विश्वासावर सगळे सोडले की कायद्यालाही हात घालायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. आईबाप आणि लेकरे यांच्यात कसला हिशेब, घराचे दुकान करायचे का, असे विचारले जाते. घर प्रेमावर चालते, हे मला मान्य आहे. पण खतावण्या वाचण्याच्या कामातून एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो: भांडणे लिहिलेल्या रकमांवरून फार कमी होतात, न लिहिलेल्या रकमांवरून सर्वाधिक होतात. दोन भावांत एक मुंबईला राहिला आणि एक परत येऊन आईवडिलांजवळ राबला, तर दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी दोघांच्या तोंडून दोन वेगवेगळ्या कहाण्या निघतात. मुंबईचा म्हणतो, मी पैसे पाठवले म्हणून घर उभे राहिले. गावातला म्हणतो, मी राबलो म्हणून जमीन राहिली. दोघांनीही खरे केलेले असते आणि दोघांकडेही पुरावा नसतो. मग तलाठी, तहसीलदार, दिवाणी कोर्ट असा प्रवास सुरू होतो आणि त्यात वाटणीला आलेल्या जमिनीच्या किमतीएवढे पैसे जातात. वर्षाच्या शेवटी एका पानावर कुणी किती आणले, कुणी किती काम केले, कुणी किती उचलले एवढे लिहून सगळ्यांनी सही केली असती तर यातले बरेच टळले असते. संस्थेत आपण शेजाऱ्याशी असा हिशेब निर्धास्तपणे ठेवतो आणि त्याने शेजार तुटत नाही. हिशेब मनातली शंका काढून टाकतो, आणि शंका गेली की माया टिकते. सख्ख्या नात्यात ही गरज अधिकच आहे, कारण तिथे मागायची लाज वाटते.

तिसरा आक्षेप मुलांच्या भवितव्याचा. गावात खाते काढून दिले, नाव लावले, की मूल तिथेच अडकेल. त्यापेक्षा त्याने पुन्हा शहर गाठावे म्हणून घरातले आयुष्य थोडे टोचलेले बरे, असे काही पालकांना मनापासून वाटते. त्यामागे मुलाचे भलेच असते. पण उलटा परिणाम होताना दिसतो. वर्ष-दोन वर्षे ज्याच्या नावावर एकही व्यवहार नाही त्याला बँक दारात उभी करत नाही, कर्ज देत नाही आणि नव्या मालकाला दाखवायला त्याच्याकडे कामाचा दाखला नसतो. नावावर दूध बिल असलेला, छोटे कर्ज घेऊन फेडलेला तरुण पुन्हा पुण्याला गेला तरी चार पैसे आणि बाजारातली पत घेऊन जातो. लग्नाच्या बाजारातही हेच. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात नवरदेवांच्या वेशात तरुणांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, त्याची बातमी देशभर झाली. त्यामागचे एक कारण आपणच घडवलेले आहे: २००१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर १००० मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. २००१ ची ती मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. दुसरे कारण मुलीच्या बापाच्या प्रश्नात असते: मुलगा काय करतो? घरची शेती बघतो, या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, कारण त्यातून मुलाचे स्वतःचे काय हे कळत नाही. कागदावर स्वतःचे उत्पन्न दिसले तर मुलींची संख्या वाढणार नाही, पण मुलीला आणि तिच्या घरच्यांना निर्णय घ्यायला काहीतरी ठोस मिळेल. आलेल्या सुनेचेही दूध खाते तिच्या नावे निघाले, तर तिचाही संसार मागून खाण्यावर उभा राहणार नाही.

परत आलेल्या मुलींबद्दल वेगळे बोलले पाहिजे, कारण त्यांच्याबाबतीत नोंद न होण्याचे दुखणे सर्वांत खोल आहे. नर्सिंगचा कोर्स करून, पुण्यात कंपनीत काम करून, किंवा मोडलेल्या लग्नातून मुलगी आईवडिलांकडे येते तेव्हा तिच्या राहण्याला मुदत असल्यासारखे घर वागते. ती येते म्हणजे लवकरच पुन्हा जाणार, असे गृहीत असते. म्हणून तिच्यासाठी खोली नसते, खाते नसते आणि घरातल्या बैठकीत तिचे मत विचारले जात नाही. काम मात्र ती मुलापेक्षा जास्त करते, कारण गोठ्याबरोबर चूल आणि आजारी माणसाची सेवाही तिच्याकडे येते. कायद्यात याला आधार उरलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना सहदायादाचा हक्क देण्याची सुरुवात केली, ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो हक्क लागू झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे परत आलेली मुलगी पाहुणी म्हणून येत नाही, ती हिस्सेदार म्हणून येते. गावात बहीण बहुधा हक्कसोड लिहून देते आणि भावाकडचा माहेरपणाचा दरवाजा उघडा ठेवते. हा सौदा तिला का करावा लागतो, याचा विचार भावांनी करायला हवा. किमान ती घरात राहून जे काम करते त्याचे पैसे तिच्या खात्यावर जावेत, ही अपेक्षा जास्त नाही. घटस्फोटाच्या खटल्यात, मुलाच्या शाळेच्या फीत, पुन्हा नोकरीला लागेपर्यंतच्या मधल्या काळात हे थोडे पैसे तिला सन्मानाने उभे ठेवतात.

मग करायचे काय? घराने पहिली गोष्ट करावी ती मूल परत आल्यावर पहिल्याच महिन्यात बसून बोलण्याची: कोणते काम कुणाचे, कोणते उत्पन्न कुणाच्या खात्यावर, घरखर्चाला किती आणि पुन्हा बाहेर जायचे ठरले तर जनावरे-शेतीचे काय. हे एका वहीत उतरवावे आणि दर वर्षी मार्चअखेरीला पुन्हा पाहावे. दूध संस्थांनी आपल्या सभासद याद्या एकदा नीट पाहाव्यात. प्रत्यक्ष दूध घालणाऱ्याला सभासद करून घ्यायला पोटनियमांत जागा असते, तिचा उपयोग करावा आणि वारलेल्या माणसांच्या नावाने चालणारी खाती वारसांच्या नावे करावीत. विकास संस्थांनी आणि जिल्हा बँकेने घरच्यांच्या लेखी संमतीवर कसणाऱ्या तरुणाला छोटे कर्ज देण्याचा मार्ग काढावा. फेडणारा हात ओळखला की वसुली सोपी जाते, हे कुठलाही सचिव सांगेल. शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवीधर तरुणांना अनुक्रमे ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले. दुसऱ्याच्या कचेरीत काम केले तर विद्यावेतन आणि स्वतःच्या घरच्या शेतीत राबले तर काहीच नाही, हा फरक धोरण आखणाऱ्यांनी तपासावा. घरच्या शेतीत काम करणाऱ्या तरुणाची तलाठी किंवा कृषी सहायकाकडे कसणारा म्हणून नोंद झाली, तरी विमा, प्रशिक्षण आणि कर्जाच्या पुष्कळ वाटा उघडतील. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. मुलांनी गावात राहावे की शहरात जावे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. त्यात कुणी हार-जीत मोजू नये. ती आपल्या घरात राबत असतील तेवढा काळ त्यांचे काम त्यांच्या नावाने लिहिणे ही मात्र आईवडिलांची, संस्थांची आणि शासनाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडायला येत्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तारखेपासून सुरुवात करता येईल.